विश्लेषण : टाटा सन्समध्ये वाटा असूनही शापूरजी पालनजी समूह कर्जात का?

टाटा सन्सची शेअर बाजारात नोंदणी व्हावी, असा आग्रह शापूरजी पालनजी समूहाने धरला आहे. त्यामागे पैशांची निकड आहे.

समूहाचा इतिहास काय?
मिस्त्री कुटुंबाच्या या बांधकाम व्यवसायाची सुरुवात १८६५ मध्ये मुंबईत झाली. गिरगाव चौपाटीचा पदपथ हे सुरुवातीचे काम. पुढे ब्रेबॉर्न स्टेडियम आणि ओमानच्या सुलतानांचा राजवाडाही याच समूहाने उभारला.

अडचण कुठे?
टाटा सन्समध्ये समूहाचा सुमारे १८.४ टक्के वाटा आहे. पण ही खासगी कंपनी असल्याने तिचे शेअर बाहेर सहज विकता येत नाहीत. ते तारण ठेवून कर्ज मात्र मिळते. २०२५ मध्ये समूहाने जवळपास २० टक्के दराने सुमारे २८,६०० कोटी रुपये उभारले. त्याआधी युरेका फोर्ब्स आणि गोपाळपूर बंदर विकावे लागले.

पुढे काय?
रिझर्व्ह बँकेने टाटा सन्सला २०२२ मध्ये ‘वरच्या स्तरा’तील बिगरबँक वित्तीय कंपनी ठरवले. त्यानुसार नोंदणीची मुदत ३० सप्टेंबर २०२५ ला संपली. नोंदणी झाली नाही. ही सक्ती टाळण्यासाठी टाटा सन्सने २०२४ मध्येच वित्तीय कंपनीचा परवाना परत करण्याचा अर्ज केला होता. नोंदणी झाल्यास मिस्त्री कुटुंबाला बाजारभावाने वाटा विकून कर्ज फेडता येईल.