पंचांचा बाजार नको

अमेरिकेत शालेय सामन्यांना पंच पुरवणाऱ्या स्थानिक संघटना असतात. काही भागांत तर एकाच खेळाच्या दोन संघटना शाळांचे काम मिळवण्यासाठी एकमेकींशी झुंजतात. स्पर्धा आली की दर्जा सुधारतो, तेव्हा जर्मनीतही असे व्हावे, हा युक्तिवाद आपल्या गप्पांत ऐकू येतो. मला तो साफ अमान्य आहे.

दुकानदाराने गिऱ्हाईक खूश ठेवायचे असते. पंचाला मात्र दर सामन्यात कोणाला तरी नाखूश करावेच लागते. यजमान शाळा रुसली तर पुढच्या मोसमाचे काम जाईल, हे ठाऊक असलेल्याची शिट्टी शेवटच्या मिनिटाला अडखळणारच. आम्हा संशोधकांना आपापल्या लेखांचे परीक्षक पैसे मोजून निवडता आले असते, तर नाकारलेला लेख औषधालाही सापडला नसता!

जर्मनीत साधारणपणे एका खेळाची एकच मान्यताप्राप्त संघटना असते. फुटबॉलमध्ये नेमणुका तिच्यामार्फत होतात. प्रत्येक क्लबने आपल्या संघांच्या संख्येनुसार पंच द्यायचे, नाहीतर दंड भरायचा. १९६९पासून चालणाऱ्या 'युगेंड ट्रेनिअर्ट' या शालेय स्पर्धांत काही ठिकाणी प्रशिक्षण घेतलेले विद्यार्थीच शिट्टी वाजवतात. म्हणजे पंचगिरी ही विकत घ्यायची सेवा नाही, सगळ्यांनी वाटून घ्यायची जबाबदारी आहे.

यावर कोणी म्हणेल, मक्तेदारीत पंचांचे हाल होतात. हाल होतात हे खरेच. ऑक्टोबर २०१९मध्ये मारहाणीला कंटाळून बर्लिनच्या हौशी फुटबॉलमधल्या पंचांनी एक शनिवार-रविवार काम बंद ठेवले आणि सुमारे दीड हजार सामने रद्द झाले. पण नेमणुका एकाच हाती होत्या, म्हणूनच तो बंद यशस्वी झाला. दुसरी संघटना असती तर "आम्ही शिव्याही खाऊ आणि स्वस्तातही येऊ" म्हणत तीच मैदानात उतरली असती.

दोन चुली मांडल्याने काय होते, हे आपल्या कुस्तीने दाखवले आहे. नोव्हेंबर २०२३मध्ये फुलगाव आणि धाराशिव अशा दोन ठिकाणी दोन वेगवेगळे 'महाराष्ट्र केसरी' ठरले. खरा कोणता, यावर वाद घालण्यात गदेची शान गेली.

जर्मनीत पंच कमी आहेत. त्यावर उपाय आणखी एक संघटना काढणे हा नाही. दर शनिवारी मैदानाच्या कडेला उभे राहून पंचाच्या चुका मोजणाऱ्या आपल्यासारख्या पालकांनी जवळच्या क्लबात नाव नोंदवावे, पंचांचा अभ्यासक्रम करावा आणि शिट्टी हातात घ्यावी.