युनिया कोण होती?

धर्मग्रंथाचा अर्थ श्रद्धेने लावावा, त्यात भाषाशास्त्र कशाला, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्यापुढे मला बायबलमधील एकच नाव ठेवावेसे वाटते.

पहिल्या शतकात पौलाने रोममधील ख्रिस्ती मंडळीला ग्रीक भाषेत पत्र लिहिले. त्याच्या १६ व्या अध्यायात तो ओळखीच्यांना नमस्कार कळवतो. तेथे अंद्रोनिक आणि युनिया अशी दोन नावे जोडीने येतात. ही आपल्या नात्यातली माणसे, आपल्याबरोबर तुरुंगात होती, आपल्या आधी ख्रिस्ती झाली आणि प्रेषितांमध्ये त्यांचे मोठे नाव आहे, असे पौल सांगतो. आता युनिया ही स्त्री असेल, तर पहिल्याच पिढीत एक स्त्री प्रेषित होती असे ठरते. रोमन कॅथलिक चर्च आजही स्त्रीला याजकपदाची दीक्षा देत नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे प्रश्न किती नाजूक आहे ते कळेल.

घोटाळा लिपीचा आहे. जुनी ग्रीक हस्तलिखिते सलग मोठ्या अक्षरांत लिहिलेली. शब्दांत अंतर नाही, स्वराघाताची चिन्हे नाहीत. मोडी कागद चाळणाऱ्यांना ही अडचण समजावून सांगायला नको! हे नाव वाक्यात द्वितीयेत आले आहे. त्या रूपात आघात अलीकडच्या स्वरावर दिला तर नाव स्त्रीचे, शेवटच्या स्वरावर दिला तर पुरुषाचे.

मग ठरवायचे कशावरून? त्या काळच्या भाषाव्यवहारावरून. रोममधील कोरीव लेखांत युनिया हे स्त्रीनाव २५० हून अधिक वेळा आढळते. ‘युनियास’ नावाचा पुरुष एकदाही नाही. चौथ्या शतकातील जॉन क्रिसोस्टम ग्रीक भाषेतच वाढलेला. तो युनियाला स्त्री समजूनच तिची थोरवी सांगतो. हा गृहस्थ स्त्रियांना याजकपद द्यावे अशा मताचा मुळीच नव्हता, म्हणून त्याची साक्ष मला अधिक मोलाची वाटते.

तरीही लूथरच्या जर्मन भाषांतरात युनिया पुरुष झाली. १९२७ साली नेस्लेच्या छापील ग्रीक आवृत्तीत चिन्ह पुरुषाचे आले आणि ते पुन्हा स्त्रीचे व्हायला १९९८ साल उजाडले. मधल्या काळात नवा पुरावा काही सापडला नव्हता. प्रेषित म्हणजे पुरुषच असणार, हे आधी ठरले होते; व्याकरण मागाहून आले.

आता दुसरी पळवाट निघाली आहे. नाव स्त्रीचेच, पण ती ‘प्रेषितांमध्ये’ नव्हे, ‘प्रेषितांना’ ठाऊक असलेली, असे काही पंडित म्हणतात. २००१ च्या एका इंग्रजी भाषांतराने तसे छापलेही. हा अर्थ अगदीच टाकाऊ नसेल, पण ग्रीक बोलणाऱ्या क्रिसोस्टमला तो सुचला नाही, याचे काय?

आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक यांचा अभ्यास करून मूळ भाषांवरून सबंध बायबल मराठीत आणले. त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली, ते छापून निघाले. मराठीत हे काम करणाऱ्याला एक गोष्ट टाळता येत नाही. इंग्रजी सर्वनामात लिंग लपते. मराठीत दोन पुरुष असले तर ‘ते दोघे’, आणि एक पुरुष व एक स्त्री असली तर ‘ती दोघे’. ठरवल्यावाचून वाक्यच पुरे होत नाही. मी तरी ‘ती दोघे’ असेच लिहीन.