विकतचे जुनेर

‘जुनेर’ हा मराठीतील एक प्रामाणिक शब्द आहे. अंगावर वापरून, धुऊन, उन्हांत वाळवून जे वस्त्र विरले, ते जुनेर. त्याची गोधडी होई, नाहीतर बोहारणीच्या पाटीत पडून त्याचे पातेले होई. पण जुनेर दाम मोजून विकत आणावे, ही कल्पना आपल्या आयाआज्यांना वेडेपणाची वाटली असती. तो वेडेपणा आज प्रतिष्ठेस चढला आहे.

सुटीत दिल्लीस आलेल्या भाच्याला घेऊन मी करोलबागेतील टँक रोडवर गेलो होतो. तेथे जीन्सची दुकाने ओळीने आहेत. एकाच दुकानात दोन विजारी पाहिल्या. एक कोरी, निळीभोर. दुसरीचे गुडघे फाटलेले, मांड्या विटलेल्या. फाटकीची किंमत कोरीहून सहाशे रुपयांनी अधिक! कारण विचारता दुकानदार म्हणाला, “बाबूजी, इस में मेहनत ज़्यादा है.” मला हसू आले, परंतु त्या वाक्याने अद्याप माझी पाठ सोडलेली नाही.

ही विजार मुळात श्रमिकांची. जेकब डेव्हिस हा शिंपी व लीव्हाय स्ट्रॉस हा व्यापारी यांनी १८७३ साली अमेरिकेत पेटंट मिळवले, ते मजुराच्या विजारीचे खिसे फाटू नयेत म्हणून त्यांस धातूचे रिव्हेट ठोकण्याचे. आपल्या मुंबईच्या डोंगरीचे नावही ‘डंगरी’ या रूपाने अशाच जाड्याभरड्या कापडास चिकटून जगभर गेले. डेनिमचे उभे सूत निळीत रंगवलेले असते, आडवे पांढरे. नीळ धाग्याच्या गाभ्यापर्यंत पोचत नाही. म्हणून जेथे अंग घासते, तेथे पांढरेपणा उमटतो. तो पांढरेपणा म्हणजे त्या माणसाच्या कामाची नोंदच होय.

आपण सरकारी नोकर. न केलेल्या सेवेची नोंद कोणी सेवापुस्तकात घुसडली, तर त्याच्यावर चौकशी बसते. मग न केलेल्या श्रमांची नोंद मांडीवर मिरवणाऱ्यास मात्र आपण रसिक का म्हणावे? २०१७ साली अमेरिकेतील एका मोठ्या दुकानाने तर चिखलाचे खोटे डाग पाडलेली जीन्स ४२५ डॉलरांस विक्रीस ठेवली होती. ज्याच्या विजारीस खरा चिखल लागतो, त्यास एवढी किंमत देणे कधी परवडेल काय?

येथे गैरसमज नको. मार्च २०२१ मध्ये उत्तराखंडच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी फाटकी जीन्स घातलेल्या एका स्त्रीच्या संस्कारांविषयी शंका काढली होती. माझा आक्षेप त्या जातीचा नव्हे. कोणाचा गुडघा दिसतो, ही उठाठेव मला करावयाची नाही. माझा प्रश्न त्या दुकानदाराच्या वाक्यापुरताच आहे: ही मेहनत कोणाची?

कापड जुने दिसावे म्हणून त्यावर दाबाच्या हवेने वाळूचा झोत मारण्याची एक रीत होती. तुर्कस्तानात हे काम करणारे तरुण त्या वाळूची धूळ श्वासाबरोबर ओढीत राहिले. त्यांना सिलिकोसिस जडला. फुफ्फुसे कठीण होत गेली. या रोगावर उतारा नाही. कित्येक जण ऐन तारुण्यात मेले. तुर्कस्तानने २००९ साली या रीतीवर बंदी घातली. पण त्यानंतरही बांगलादेशातील कारखान्यांत ती चालू असल्याचे आढळले. म्हणजे त्या विजारीवरील झीज अगदीच खोटी नव्हती. ती फक्त दुसऱ्याच्या छातीत झाली होती.

कोणी म्हणेल, आता हे काम लेझरने होते. होत असेल, आणि ते बरेच आहे. तरीही धडधाकट कापडाचे आयुष्य तोडून त्याचे अधिक दाम घ्यावयाचे, हा व्यवहार उफराटाच राहतो.

भाच्याने शेवटी फाटकीच पसंत केली, आणि पैसे मीच दिले, हेही कबूल केले पाहिजे. मामाचे तत्त्वज्ञान मामाच्या मायेपुढे टिकले नाही. परंतु त्या रात्री, चार बदल्यांत माझ्याबरोबर फिरलेली आईच्या लुगड्यांची गोधडी अंगावर घेताना वाटले, त्याला एवढे तरी सांगावयास हवे होते: बाबा, कोरी घे, आणि स्वतः झिजव.