'आता बरं वाटतंय, मग गोळी बंद केली तर?' नैराश्यावरचं औषध थांबवताना काय काळजी घ्यायची?

नैराश्यावरची गोळी अनेकदा डॉक्टरांनी सांगितलं म्हणून नव्हे, तर परिस्थितीमुळे बंद होते. गडचिरोली किंवा गोंदियाहून तपासणीसाठी नागपूरला यायचं तर अख्खा दिवस प्रवासात आणि रांगेत जातो, त्या दिवसाची मजुरी बुडते. त्यात बरंही वाटू लागलेलं असतं. पाकीट संपतं आणि पुढची फेरी राहून जाते.

दोन-चार दिवसांत चक्कर येते, मळमळतं, झोप उडते, चिडचिड होते. काहींना डोक्यात विजेचा हलका झटका बसल्यासारखं वाटतं. घरचे म्हणतात, 'बघ, गोळीची सवय लागली.' रुग्णाला वाटतं, आजार उलटला. अनेकदा हे दोन्ही अंदाज चुकतात.

मग हे नेमकं काय असतं?

एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालिनसारखी औषधं मेंदूतल्या सेरोटोनिनच्या कामावर परिणाम करतात आणि शरीर त्या बदलाशी जुळवून घेतं. औषध अचानक थांबलं की पुन्हा जुळवून घ्यावं लागतं. हा त्रास त्यातून होतो. दारू-तंबाखूसारखी तलफ इथे नसते, म्हणून याला व्यसन म्हणत नाहीत. पॅरोक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिन शरीरातून लवकर निघून जातात, त्यामुळे त्यांचा त्रास जास्त होतो. फ्लुओक्सेटिन बराच काळ रेंगाळतं, त्याचा तुलनेने कमी होतो.

किती जणांना त्रास होतो?

'लॅन्सेट सायकिअट्री'त २०२४ मध्ये आलेल्या विश्लेषणानुसार, औषध थांबवल्यावर सुमारे ३१ टक्के लोकांना काही ना काही त्रास झाला. पण औषध नसलेली, नुसती दिसायला तशीच गोळी थांबवणाऱ्यांपैकीही १७ टक्के लोकांनी त्रास सांगितला. म्हणजे खुद्द औषध थांबल्यामुळे होणारा त्रास साधारण सहा-सात जणांमागे एकाला, आणि तीव्र त्रास ३५ जणांमागे एकाला. मात्र अशा चाचण्यांतले बरेच जण थोडेच महिने औषध घेतलेले असतात. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांना जास्त त्रास होऊ शकतो, असा आक्षेप काही संशोधक घेतात.

त्रास आहे की आजार परतलाय?

वेळ पाहा. औषध थांबवल्याचा त्रास बहुधा काही दिवसांतच सुरू होतो. चक्कर, झटके अशी आधी नसलेली लक्षणं त्यात दिसतात, आणि औषध पुन्हा सुरू केल्यावर तो सहसा लवकर ओसरतो. आजार बहुधा काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, हळूहळू परततो.

तो परतण्याचा धोकाही खरा आहे. ब्रिटनमध्ये दीर्घकाळ औषध घेणाऱ्या आणि बरं वाटत असलेल्या ४७८ जणांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. टप्प्याटप्प्याने औषध थांबवलेल्यांपैकी ५६ टक्के लोकांचं नैराश्य वर्षभरात परतलं. औषध सुरू ठेवलेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. म्हणजे थांबवणं अनेकांना जमतं, पण त्यानंतरही वर्षभर लक्ष ठेवावं लागतं.

मग थांबवायचं कसं?

• बरं वाटू लागल्यावरही साधारण किमान सहा महिने औषध सुरू ठेवायला सांगितलं जातं. आजार वारंवार परतत असेल तर अधिक काळ.

• डोस टप्प्याटप्प्याने कमी होतो. त्याला काही आठवडे, तर काहींना काही महिने लागतात. शेवटचे टप्पे सर्वांत लहान ठेवावे लागतात, कारण अगदी कमी डोसचाही मेंदूवर बराच परिणाम होत असतो.

• 'एक दिवसाआड घेतो' हा घरगुती उपाय टाळा. लवकर निघून जाणाऱ्या औषधांचं प्रमाण त्यामुळे सतत वर-खाली होतं.

• गोळीचे तुकडे करण्याआधी विचारा. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या तोडायच्या नसतात.

• पाकिटावरची सगळी नावं वाचा. आपल्याकडे एस्सिटालोप्रॅम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत सर्रास मिळतात. क्लोनाझेपामची सवय लागू शकते आणि ते एकदम थांबवलं तर फिट येऊ शकते.

• परीक्षा, लग्न, नोकरीतला बदल अशा धावपळीत डोस कमी करायला घेऊ नका. घरातल्या एकाला तरी सांगून ठेवा. झोप आणि वागण्यातला बदल अनेकदा त्यांच्या आधी लक्षात येतो.

नागपुरात कुठे जायचं?

मेडिकल, मेयो आणि एम्स या तिन्ही ठिकाणी मानसोपचार विभाग आहे. शिवाय प्रादेशिक मनोरुग्णालय आहेच. त्याच्याजवळच्या चौकाला अनेक नागपूरकर आजही 'पागलखाना चौक' म्हणतात. ज्या नावाने पत्ता सांगायलाही संकोच वाटतो, तिथे गोळी कमी करण्याबद्दल विचारायला माणूस सहज कसा जाणार? फेरी राहून जाण्यामागे अंतराइतकाच हा संकोचही असतो.

नागपूरला येणं जमत नसेल तर केंद्र सरकारच्या 'टेली मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही मोफत बोलता येतं. गोळ्या संपायला आठवडा उरला असतानाच फोन करा. आणि जगणं नकोसं वाटत असेल, तर त्या माणसाला एकटं सोडू नका. लगेच फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयात न्या.