एकाच चौकातून फुटणाऱ्या दोन वाटा

बीड शहरात रेल्वे पोहोचली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्रामदिनी. अहिल्यानगर-बीड-परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गासाठी दोन-तीन पिढ्यांनी निवेदने दिली, आंदोलने केली, तेव्हा कुठे जिल्ह्याच्या मुख्यालयाने आगगाडीची शिट्टी ऐकली. बीडचा मध्यमवर्ग मात्र तोवर वाट पाहत थांबलेला नव्हता. मुंबई-पुण्याच्या प्रवासी कंपन्यांनी युरोप तालुक्याच्या गावापर्यंत आणून सोडला, त्याला आता बरीच वर्षे झाली. लंडन, पॅरिस, स्वित्झर्लंड आटोपले की पुढची पायरी म्हणून ‘क्रूझ’ येते. अंबाजोगाईचे निवृत्त प्राध्यापक, माजलगावचे डॉक्टर, परळीचे व्यापारी, बीडचे वकील दिवाळीच्या सुट्टीत भूमध्य समुद्रावर सात रात्री काढून येतात आणि त्या सात रात्रींचे वर्णन भिशीत, भजनी मंडळात आणि सकाळच्या फिरण्यात पुढचे सहा महिने पुरते.

यात हसण्यासारखे काही नाही. ज्या समाजाने एके काळी सिंधुबंदी स्वतःवर लादून घेतली, समुद्र ओलांडला म्हणून विद्वानांना प्रायश्चित्ते घ्यायला लावली, त्याच समाजातली साठीची गृहिणी आज निर्धास्तपणे जहाजाची शिडी चढते, ही गोष्ट आनंदाचीच मानली पाहिजे. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी हिंदू समाजाच्या पायांतील ज्या सात बेड्या मोजल्या, त्यांत सिंधुबंदी होती. ती तुटली, बरे झाले. प्रश्न आहे तो समुद्रावर जाऊन आपला प्रवासी काय पाहून येतो, हा.

जे पाहून येतो ते थोडथोडके नसते. बार्सिलोना किंवा रोमजवळच्या चिव्हितावेक्किया बंदरात ते जहाज प्रथम दिसते, तेव्हा ते जहाज न वाटता एखादी उभी वसाहत वाटते. अलीकडच्या मोठ्या जहाजांवर सहा हजारांहून अधिक प्रवासी असतात, म्हणजे आपल्याकडची एक भली मोठी बाजारपेठेची ग्रामपंचायतच पाण्यावर तरंगत असते. गळ्यात एक कार्ड अडकवले की खिशातल्या पैशांना हात लावावा लागत नाही. रात्री झोपावे, सकाळी पडदा सारावा तर समोर नवे शहर. जेनोआ, नेपल्स, पालेर्मो. सामान बांधायचे नाही, बस गाठायची नाही. खाण्याची रेलचेल एवढी, की घरून नेलेला चिवडा आणि मेतकूट परत येताना तसेच येते. दुष्काळी जिल्ह्यातल्या माणसाला विशेष नवल वाटते ते पाण्याचे. जिथे पाण्याअभावी २०१५ मध्ये परळीचे औष्णिक वीज केंद्र बंद ठेवावे लागले, तिथला माणूस समुद्राचे खारे पाणी गोडे करून हजारो लोकांना न्हाऊ घालणारी यंत्रे त्याच पाण्यावर तरंगताना बघतो! पण सर्वांत जास्त कौतुक होते ते शिस्तीचे. प्रत्येक गोष्ट ठरल्या वेळेला, प्रत्येक कोपरा स्वच्छ, प्रत्येक चेहरा हसरा. परतलेला प्रवासी हमखास म्हणतो, “काय शिस्त त्या लोकांची! आपल्याकडे हे शक्य नाही.”

‘ते लोक’ म्हणजे कोण, हे मात्र तो सांगत नाही. कित्येकदा त्याच्या लक्षातही आलेले नसते.

या जहाजांच्या वाटेवर मार्सेल बंदर अनेकदा लागते. ८ जुलै १९१० रोजी याच बंदरात उभ्या असलेल्या ‘मोरिया’ जहाजाच्या शौचालयाच्या गवाक्षातून सावरकरांनी समुद्रात उडी घेतली. फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी मार्सेलला गेले असता त्यांनी या घटनेचे स्मरण केले. मराठी प्रवाशांपैकी जाणकार मंडळी त्या बंदरात हात जोडतातही. पण त्या गवाक्षाची आठवण काढताना आपण ज्या जहाजावर उभे आहोत, त्याच्या खालच्या मजल्यांकडे किती जणांची नजर जाते? प्रवाशांच्या सज्जांच्या खाली, पाण्याच्या पातळीलगत आणि तिच्याही खाली, खिडकी नसलेल्या खोल्यांत ती ‘शिस्त’ राहत असते. खोली झाडणारा, ताट उचलणारा, भांडी घासणारा, यंत्रघरात घाम गाळणारा. तो फिलिपिनो असतो, इंडोनेशियन असतो आणि फार मोठ्या संख्येने भारतीय असतो. मुंबई, वसई, रत्नागिरी, गोवा, केरळ इथली ही मुले. जहाज इटलीतल्या कंपनीचे, निशाण पनामा, माल्टा किंवा बहामाचे, प्रवासी साऱ्या जगाचे आणि हात आपले. ‘आपल्याकडे हे शक्य नाही’ असे ज्या शिस्तीबद्दल म्हटले जाते, ती रत्नागिरीकडच्या एखाद्या मुलाच्या हातची असते. त्याच्याशी दोन शब्द बोलले तर अंबाजोगाई हे नाव त्याला परके वाटेलच असे नाही. कोकणातल्या कितीतरी घराण्यांची कुलस्वामिनी तिथली योगेश्वरी आहे.

१३ जानेवारी २०१२ ची रात्र या संदर्भात विसरता येत नाही. ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे प्रचंड जहाज इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळून कलंडले. जहाजावर ४,२२९ माणसे होती; ३२ दगावली. प्रवासी उतरण्याआधीच कप्तान जहाज सोडून गेला, आणि पुढे त्याला १६ वर्षांची शिक्षा झाली, हे जगाने वाचले. त्याच जहाजावर शेकडो भारतीय कर्मचारी होते, हे फार थोड्यांच्या स्मरणात आहे. त्यांतला मुंबईचा एक तरुण वाढपी बेपत्ता झाला. तो इतरांना बोटींत चढण्यास मदत करीत होता, असे त्याच्या सहकाऱ्यांनी कुटुंबीयांना सांगितले. बेपत्ता असलेल्यांत सर्वांत शेवटी सापडला तो हाच. त्याचे अवशेष हाती लागले नोव्हेंबर २०१४ मध्ये, जहाज तिथून हलवून भंगारात काढायला नेल्यावर. कप्तान कोण आणि कर्तव्य कोणाचे, याचा निवाडा त्या एका रात्रीने पुरेसा केला आहे.

आता जरा बीडकडे यावे. दिवाळीच्या सुमारास अंबाजोगाई-केजकडून पुणे-मुंबईच्या विमानतळाकडे निघालेली मोटार मांजरसुंब्याच्या चौकात येते. त्याच दिवसांत, त्याच चौकात, ट्रक आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्या भरून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या दक्षिणेकडे वळत असतात. सांगली, कोल्हापूर, सोलापूर आणि पुढे कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट. सुट्टीचा हंगाम आणि ऊसतोडीचा हंगाम एकच आहे. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज, परळी या तालुक्यांतल्या वाड्या-तांड्यांना कुलूप लागते, दारात म्हातारी माणसे उरतात. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’, अशी मोजणी होते. या जिल्ह्यात माणसे मोजण्याचे एकक अवजाराचे आहे. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत मोळ्या वाहायच्या असतात. उसाच्या फडाजवळ पाचटाची कोपी, तिच्यातच चूल, तिच्यातच बाळंतपण. पाडव्याच्या मागेपुढे परत यायचे.

जहाजावरचा कर्मचारी आणि फडातला मजूर यांची तुलना तंतोतंत होत नाही. पहिला शिकलेला असतो, परदेशी चलनात कमावतो, करार संपल्यावर घर बांधतो. दुसऱ्याची उचल पुष्कळदा पुढच्या हंगामावर सरते. तरी दोघेही सहा-आठ महिन्यांसाठी घर सोडतात, दोघांची मुले आजी-आजोबांकडे वाढतात, आणि दोघांच्याही वाटेवर दलाल बसलेला असतो. फरक आहे तो कागदाचा.

जहाजावरचा हसरा चेहरा निव्वळ युरोपच्या संस्कृतीतून आलेला नाही. त्यामागे ‘सागरी श्रम करार २००६’ हा आंतरराष्ट्रीय कायदा आहे. तो २०१३ पासून लागू झाला आणि भारताने त्याला २०१५ मध्ये मान्यता दिली. चोवीस तासांत किमान १० तास आणि सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती, लेखी करार, नोकरी लावून देण्यासाठी कर्मचाऱ्याकडून पैसे घेण्यास मनाई, करार संपल्यावर मायदेशी पोहोचवण्याची जबाबदारी मालकाची. शंभर वा अधिक माणसे घेऊन तीन दिवसांहून लांबच्या आंतरराष्ट्रीय सफरीवर जाणाऱ्या जहाजावर डॉक्टर असलाच पाहिजे. हे सारे नियम सर्वत्र पाळले जातात असे नाही. पैसे उकळणारे दलाल मुंबई-गोव्यात अजूनही पकडले जातात. पण नियम आहेत आणि ते मोडले तर बंदरात जहाज अडवून ठेवता येते.

फडावर शंभर नव्हे, हजारो माणसे सहा महिने राहतात. तिथे डॉक्टर बंधनकारक का नाही? २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न देशभर गाजला, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, शिफारशी आल्या. एक दिवस काम चुकले तर खाडा आणि खाड्याचा दंड, या भीतीपोटी बाई कोणत्या थराला जाते, हे त्या वेळी पांढरपेशा समाजाने जरा थांबून वाचले आणि मग पान उलटले. नाथ्र्याच्या मातीतून उठलेल्या गोपीनाथ मुंडे यांनी या मजुरांचा संप, त्यांचा दर, त्यांचा मान हे विषय राज्याच्या राजकारणाच्या मध्यभागी आणले. त्यांच्या नावाचे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आले, संत भगवानबाबांच्या नावाची वसतिगृह योजना आली, नोंदणी आणि ओळखपत्रे सुरू झाली, जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. ही पावले योग्य दिशेची आहेत. तरीही कोयत्याचा करार आजही बहुतेक ठिकाणी मुकादमाच्या वहीत असतो आणि ती वही मजुराला वाचता येत नाही.

एप्रिल २०२० मध्ये ही दोन्ही जगे एका रेषेत येऊन उभी राहिली होती. टाळेबंदीमुळे ‘मारेला डिस्कव्हरी’ या जहाजावरचे १४० हून अधिक भारतीय कर्मचारी मुंबईचा किनारा डोळ्यांसमोर असूनही उतरू शकत नव्हते. २३ एप्रिलला ते उतरले. त्याच महिन्यात सव्वा लाखाहून अधिक ऊसतोड मजूर कारखान्यांच्या तळांवर अडकून पडले होते. १७ एप्रिलला राज्य शासनाने त्यांना गावी परतण्याची अनुमती दिली. दोघांनाही घर हवे होते. जहाजावरच्या मुलांची नोंद नाव-गावासह कंपनीकडे, नौवहन महासंचालनालयाकडे होती. फडातल्या मजुरांची मात्र आधी मोजणी करावी लागली.

प्रवाशाने अपराधी वाटून घ्यावे, असे कोणी म्हणणार नाही. कष्टाच्या पैशाने, निवृत्तीच्या पुंजीने केलेला प्रवास आहे. तो सुखाने करावा. मात्र दोन गोष्टी त्याच्या हातात आहेत. पहिली जहाजावरची. खात्यावर माणशी दर दिवसाला दहा-बारा युरोंच्या घरात सेवाशुल्क लावले जाते. शेवटच्या रात्री ते कमी करून घेण्यासाठी खिडकीपुढे रांग लागते. त्या रांगेत सर्व देशांचे लोक असतात, आपलेही असतात. लाखांची सफर आणि सात दिवस ज्याने अंथरूण घातले त्याच्या शेकड्यांची काटछाट! ही काटकसर घरी ठेवून जावे.

दुसरी गोष्ट परतल्यानंतरची, आणि ती अधिक अवघड आहे. जहाजावर जाणारे बीडचे लोक कोण आहेत? डॉक्टर, वकील, प्राध्यापक, शिक्षक. फडावर नेमके ज्यांचे काम आहे तेच. मुकादमाच्या वहीऐवजी मराठीत एक पानी करार कसा असावा, तो वाचून कसा दाखवावा, हे बीडच्या वकील मंडळींना एका रविवारात करता येईल. हंगामी वसतिगृहांना संध्याकाळी दोन तास बसणारा माणूस हवा असतो. निवृत्त शिक्षकांइतका योग्य माणूस कोणता? डॉक्टरांनी वर्षातले सात दिवस, जहाजावर काढले तेवढेच, एखाद्या कारखान्याच्या तळावर काढले, तर आपल्याच तालुक्यातल्या स्त्रियांची तपासणी आपल्याच माणसांकडून होईल. सेवाकार्याची सवय असलेल्या कार्यकर्त्यांना हे नवे नाही. नवे एवढेच, की ज्यांनी जहाजावर कायद्याने चालणारी सेवा भोगली आहे, त्यांना ती काय असते हे आता अनुभवाने ठाऊक आहे.

सफर संपते. मुंबईला विमान उतरते, रात्रभर प्रवास करून मोटार पहाटे मांजरसुंब्याला येते. कारखान्यांची धुराडी पेटलेली असतात, तरी मागे राहिलेल्या टोळ्या अजून निघतच असतात. चौकात ट्रॅक्टर उभा असतो. ट्रॉलीत पिठाचे डबे, ताडपत्री, बांबू, पिंजऱ्यात दोन कोंबड्या आणि सर्वांत वर, थंडीने आखडून बसलेली, अंगात शाळेचा गणवेश घातलेली दोन मुले. चालक हॉर्न वाजवतो. ट्रॅक्टर बाजूला होतो आणि मोटार केजच्या रस्त्याला लागते.