दगडीची सुई लागू का पडत नाही?

गाईला दगडी झाली की मेडिकलमधून सुई आणायची, दोन दिवसांत कास नरम पडली की औषध बंद करायचं, आणि पंधरा दिवसांनी तोच सड पुन्हा दगडासारखा. मग औषधच बनावट निघालं अशी ओरड होते. बनावट माल बाजारात नाहीच असं कोण म्हणेल? पण दर वेळी दोष औषधाचा नसतो.

पेनिसिलिन व त्याच्या कुळातील औषधांत चौकोनी कडीसारखी एक रचना असते. औषधाचा सगळा जोर त्या कडीत. काही जिवाणू बीटा-लॅक्टमेज नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, तयार करतात. ते ही कडीच तोडते. मग औषध कासेत पोचूनही मोडक्या विळ्यासारखे निरुपयोगी. अब्राहम आणि चेन या शास्त्रज्ञांनी असे विकर १९४० सालीच नोंदवले होते, पेनिसिलिन सर्रास मिळू लागण्याच्याही आधी. पुढे सेफ्ट्रायअॅक्झोनसारखी भारी औषधे आली, तशी तीही तोडणारी विकरे आली. २००९ मध्ये एनडीएम-१ जगापुढे आले. त्याच्या नावात नवी दिल्ली घातली म्हणून आपल्याकडे बराच राग झाला. जिवाणूला नावाशी काय देणेघेणे!

औषधाने नाजूक जिवाणू मरतात, विकरवाले उरतात आणि मोकळ्या रानात वाढतात. शिवाय विकर बनवण्याची विद्या ते दुसऱ्या जातीच्या जिवाणूलाही देऊ शकतात. म्हणजे गोठ्यातील दुखणे शेणातून, ओढ्यातून घरातल्या पोरापर्यंत पोचू शकते, आणि त्याच्या तापावरही तीच औषधे चालतात.

मार्च २०१४ पासून सेफ्ट्रायअॅक्झोन अनुसूची एच-१ मध्ये आहे. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही, आणि दुकानदाराने विक्रीची नोंद तीन वर्षे जपायची असते. गावोगावी ही वही कोणी उघडून पाहतो का?

शेतकऱ्यालाच बोल लावून भागणार नाही. कोणते औषध चालेल हे दुधाच्या नमुन्यावरून तपासता येते. नमुना मात्र पहिली सुई देण्याआधी, निर्जंतुक बाटलीत घ्यावा लागतो. ती बाटली गावच्या दवाखान्यात मिळाली पाहिजे. पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागाने बाटल्या पुरवाव्यात, आणि दूध संस्थेच्या सचिवांनी बर्फातला नमुना रोजच्या दूधगाडीबरोबर पुढे धाडण्याची सोय करावी. सरपंचांनी हा विषय येत्या ग्रामसभेतच घ्यावा.