जुनी कथा, नवी बंदूक

हिंसक व्हिडिओ गेममध्ये त्याच त्या कथा येतात, ही तक्रार रास्त आहे. तिचे निदान मात्र चुकते. २००३ मध्ये आरंभ झालेल्या ‘कॉल ऑफ ड्यूटी’ मालिकेतील नवा खेळ २००५ पासून दरवर्षी बाजारात येत आला आहे. २००७ चे ‘मॉडर्न वॉरफेअर’ हे नाव तर २०१९ मध्ये कॅप्टन प्राइस या पात्रासह पुन्हा वापरले गेले. प्रचंड भांडवल गुंतले की निर्माता धोका टाळून ओळखीच्या कथेचा आश्रय घेतो, हे उघड आहे.

परंतु उसनी कथा म्हणजे निकृष्ट कथा नव्हे. २०१२ च्या ‘स्पेक ऑप्स : द लाइन’ने जोसेफ कॉनराडच्या ‘हार्ट ऑफ डार्कनेस’ या १८९९ मधील कथेचा आधार घेतला. १९७९ मध्ये ‘अपोकॅलिप्स नाऊ’ या चित्रपटानेही तोच घेतला होता. तथापि या खेळात शत्रूवर डागलेल्या पांढऱ्या फॉस्फरसने निरपराध नागरिक होरपळल्याचे खेळाडूला पाहावे लागते आणि विजयाची धुंदी उतरते. खप मात्र अपेक्षेहून कमी झाला.

सारांश, दोष पुनरावृत्तीचा नसून मारणाऱ्याला प्रश्नच न विचारण्याच्या सवयीचा आहे. ती सवय केवळ निर्माता जोपासत नाही. गिऱ्हाईकही दाम मोजून तिला पोसत असते.